दहा मिनिटांचं पाणी

दांडिया बाजारातून सूरसागरकडे जाताना फायर ब्रिगेडच्या ठाण्यातल्या तांबड्या गाड्या दिसतात. बडोद्याच्या मराठी घरांतली जुनी माणसं त्यांना अजून ‘बंब’ म्हणतात, शेजारचे गुजराती ‘लायबंबो’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज. तिकडे ‘बोंबा’ म्हणजे पाणी उपसायचा पंप. आगीच्या गाडीला हे नाव चपखल बसतं. सायरन, शिडी, दिवे बाजूला काढले तर तिच्यात तीनच गोष्टी उरतात: पाण्याची टाकी, पंप आणि माणसं.

टाकीतलं पाणी मात्र मोजकं असतं. नेहमीच्या वॉटर टेंडरमध्ये ४,५०० लिटर पाणी मावतं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण २० मिलिमीटर तोंडाच्या नोझलमधून मध्यम दाबावर मिनिटाला साधारण ४५० लिटर पाणी बाहेर पडतं. भागाकार केला की उत्तर येतं दहा मिनिटं. दोन धारा लावल्या तर पाच. मागून बाउझर, म्हणजे पाण्याचा मोठा टँकर येतो, जवळच्या हायड्रंटला (आगीसाठी ठेवलेल्या पाण्याच्या नळाला) किंवा तलावाला पंप लावता येतो, पण ते सगळं जुळेपर्यंत पहिल्या गाडीला या दहा मिनिटांतच भागवावं लागतं. अग्निशमनाचं सगळं कसब या दहा मिनिटांभोवती फिरतं असं मला वाटतं. आणि त्यांतली कितीतरी मिनिटं जवानांच्या हातात नसतात, ती आपल्या हातात असतात.

मांडवीच्या आसपासची एखादी पोळ, म्हणजे दाट घरांची अरुंद गल्ली, डोळ्यांपुढे आणा. तोंडाशी गाडी थांबते, कारण पुढे दोन्ही बाजूंना स्कूटर लावलेल्या आहेत, ओटे पुढे आले आहेत, वर विजेच्या तारा लोंबताहेत. आग दीडशे मीटर आत आहे. होज म्हणजे आगीवर पाणी नेणारा कापडी पाइप. त्याची एक लांबी १५ मीटरची, म्हणजे दहा लांब्या जोडायच्या. ६३ मिलिमीटर व्यासाच्या एका लांबीत जवळपास ४७ लिटर पाणी मावतं. दहा लांब्या नुसत्या भरायला ४७० लिटर लागले. नोझलमधून पहिली धार पडायच्या आधीच दहातलं एक मिनिट पोळीत आडवं पडून राहिलं. गाडी आगीपासून तीस मीटरवर पोचली असती तर तेच पाणी आगीवर पडलं असतं.

पाण्यानं भरलेली एक लांबी पन्नास किलोच्या पुढे जाते. ती कोपऱ्यावरून ओढणं दोघा-तिघांनाही जड. म्हणून होज कोरडी पसरतात, दारापाशी थोडी जास्तीची वळणं मोकळी ठेवतात आणि मगच पाणी मागतात. पंपावरचा माणूस पोळीच्या तोंडाशी उभा असतो, त्याला आग दिसत नाही. त्याच्यापुढे असतो दाब दाखवणारा काटा आणि डोक्यात हिशेब: दीडशे मीटरच्या घर्षणात अंदाजे दीड बार (बार हे दाबाचं माप) जाणार, तिसऱ्या मजल्याच्या चढाला एक बार, नोझलवर निदान तीन बार हवा. म्हणजे पंपावर साडेपाच-सहा ठेवायचा. कमी ठेवला तर वर धारेऐवजी नुसती गळती पोचते. फार वाढवला तर वरच्या माणसांच्या हातातून नोझल सुटायची भीती. तीन बारला नोझल वीसेक किलोच्या जोरानं मागे ढकलते, म्हणून ती धरायला दोघं लागतात. वरून पाणी बंद करायचं तेही सावकाश. झटक्यात बंद केलं तर मागून धावत येणाऱ्या पाण्याचा दणका उलटा फिरतो आणि होज कुठेतरी फाटते.

या सगळ्या सामानात एक वस्तू अगदी जवळून बघण्यासारखी आहे. दोन लांब्या जोडणाऱ्या कपलिंगच्या फिमेल बाजूच्या, म्हणजे दुसरं टोक जिच्यात शिरतं त्या बाजूच्या, आत खाचेत बसवलेलं काळं रबरी वॉशर, साधारण बांगडीच्या मापाचं. ते निसटलं, चिरलं किंवा उन्हानं कडक झालं की जोड गळतो. एक जोड गळला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दहा जोडांपैकी पाच गळू लागले की वरचा दाब पडतो आणि वरचा माणूस खाली ओरडत राहतो, ‘पाणी वाढवा!’ म्हणून रोज सकाळच्या तपासणीत प्रत्येक कपलिंगमध्ये बोट घालून गोल फिरवायचं असतं. वॉशर जागेवर आहे का, मऊ आहे का, खाचेत वाळूचा खडा अडकलेला नाही ना. बोटाला जे कळतं ते डोळ्यांना दिसत नाही. नंतर गाडी चालू करून पंप फिरवायचा, प्रायमर, म्हणजे पंपातली हवा काढणारं यंत्र, पाणी खेचतो का बघायचं, श्वसनयंत्राच्या सिलिंडरचे काटे वाचायचे. कंटाळवाणं काम आहे, रोजच्या रोज करायचं, आणि शहराचा जीव त्यावर टांगलेला असतो.

तलावातून पाणी घ्यायचं तर वेगळ्याच अडचणी. पंप पाणी ‘ओढत’ नाही. पंप पाइपमधली हवा काढतो आणि बाहेरचा वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. त्यामुळे कागदावर मर्यादा दहा मीटरची, प्रत्यक्षात सात-साडेसात मीटर. सक्शन पाइपच्या एका जोडाला केसाएवढी फट राहिली तरी हवा शिरते आणि पंप नुसता घरघरतो. जाळीचं तोंड पाण्यात दोन फूट तरी बुडालेलं हवं, नाहीतर भोवरा होऊन हवा आत जाते. तळाला टेकलं तर गाळ ओढला जातो. आपल्या तलावांत शेवाळ, जलपर्णी, निर्माल्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. एक पिशवी जाळीला चिकटली की धार बंद. पिशवीतून निर्माल्य तलावात टाकणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण पिशवी तिथेच तरंगत राहते.

आता आपल्या हातातल्या मिनिटांकडे येऊ. १०१ वर फोन लावून ‘लवकर या, आग लागलीय’ एवढंच सांगून लोक फोन ठेवतात. घाबरलेल्या माणसाला दोष द्यावासा वाटत नाही, पण पलीकडच्याला हवं असतं ते हे: पोळीचं किंवा सोसायटीचं नाव आणि जवळची ठळक खूण, काय पेटलंय, कितव्या मजल्यावर, आत कोणी अडकलंय का, आणि मोठी गाडी कोणत्या बाजूनं आत येईल. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. एकाच नावाच्या दोन-तीन सोसायट्या शहरात असतात, तेव्हा भागाचं नाव आधी सांगावं. मग एका माणसानं नाक्यावर जाऊन उभं राहावं, हात दाखवायला. बाकीच्यांनी वाटेतल्या स्कूटर उचलून बाजूला घ्याव्यात. आणि पसरलेल्या होजवरून गाडी घालू नये. चाक चढलं की त्या क्षणी पुढची धार तुटते. आत दोन माणसं ज्वाळेसमोर त्या धारेच्या आड उभी असतात.

बडोद्यात गॅसची दोन घरं शेजारीशेजारी नांदतात. बऱ्याच घरांत पाइपचा गॅस आहे, बऱ्याच घरांत अजून सिलिंडर. दोन्हींचा वास सारखा वाटतो, वागणं उलट असतं. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड. तो ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो, मोरीत, तळघरात, पायऱ्यांच्या खाली जाऊन बसतो. हवेत तो फक्त दोन टक्के झाला तरी ठिणगीला पेट घेतो. पाइपचा गॅस हलका. तो छताकडे जातो, माळ्यात, पोटमाळ्यात साचतो आणि साधारण पाच टक्क्यांपासून पेट घेतो. म्हणून सिलिंडरच्या घरात जमिनीलगतची वाट मोकळी करायची, म्हणजे दार उघडायचं. पाइपच्या घरात वरची झडप, खिडकीचा वरचा भाग उघडायचा. दोन्ही घरांत एक नियम समान: विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. दिवा लावायचा नाही, तसा लागलेला दिवा बंदही करायचा नाही. एक्झॉस्ट फॅन लावून वास घालवायचा विचार तर मनातही आणू नये, ठिणगी बटणाच्या आतच उडते. पाइपच्या गॅसला मीटरजवळ कॉक असतो. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर चालू, पाइपला आडवी असेल तर बंद. घरातल्या प्रत्येकानं, आजीनंही, तो एकदा हातानं फिरवून बघितलेला असावा.

सिलिंडरच्या रेग्युलेटरपाशी ज्वाळा दिसली की माणसं पाण्याची बादली ओततात किंवा पळत सुटतात. ओलं गोणपाट किंवा जाड सुती चादर पाण्यात भिजवून बाजूनं टाकली आणि हात पोचून रेग्युलेटरचं बटण बंद करता आलं तर उत्तम. गॅस बंद करता येणार नसेल तर ज्वाळा विझवू नये. जळणारा गॅस डोळ्यांना दिसतो, न जळता बाहेर पडणारा गॅस दिसत नाही आणि तो खोलीभर पसरून एकदम पेटतो. अशा वेळी जवान सिलिंडरवर पाणी मारून तो थंड ठेवतात आणि ज्वाळा तशीच जळू देतात. बघणाऱ्यांना वाटतं, हे विझवत का नाहीत. कारण हे आहे.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी नको, एवढं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. का नको, ते मनात बसलं म्हणजे हात आपोआप थांबतो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला जातं आणि क्षणात वाफ होतं. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे सतराशे लिटर जागा घेते. ती वर येताना पेटलेलं तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करून मोठं ताट किंवा झाकण कडेनं सरकवत वर ठेवायचं, आणि गार होईपर्यंत उचलून बघायचं नाही.

जुन्या वाड्यांबद्दल मला विशेष बोलावंसं वाटतं, कारण रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांत ते अजून उभे आहेत आणि त्यांच्याबद्दल गैरसमज फार. लाकडी वाडा म्हणजे लगेच कोसळणार, असं नाही. जाड सागवानी खांब बाहेरून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या गाभ्याला बराच वेळ उष्णता लागू देत नाही. उघडा लोखंडी गर्डर मात्र साडेपाचशे अंशांच्या आसपास आपली निम्मी ताकद घालवून बसतो आणि काही इशारा न देता वाकतो. वाड्याचं खरं दुखणं माळा. शेजारच्या दोन घरांचा माळा मधली भिंत वरपर्यंत न नेल्यामुळे एकच असतो आणि त्यात तीन पिढ्यांचं सामान: गाद्या, पेटारे, जुने कागद, दिवाळीचे आकाशकंदील. आग खालच्या खोलीत लागते आणि माळ्यावरून तीन घरं पुढे जाऊन उतरते. म्हणून अनुभवी अधिकारी पेटलेल्या घराकडे एक धार लावतो आणि दुसरी माणसं आधी शेजारच्या माळ्यावर पाठवतो.

दुसरी गोष्ट पाण्याच्या वजनाची. ४,५०० लिटर म्हणजे साडेचार टन. मातीची, चुन्याची जुनी जमीन ते पिऊन घेते. वरच्या माडीवर पाणी मारत राहिलं आणि ते उतरायला वाट नसली की आगीनं न पडलेली माडी पाण्यानं पडते. धार कधी थांबवायची हे ओळखणं, ती सोडण्याइतकंच कसबाचं काम आहे. विझलेल्या गाद्या आणि कापसाचे गठ्ठे बाहेर काढून, फोडून, आतपर्यंत भिजवावे लागतात. घरमालक हात जोडतो की आता पुरे, सामानाची नासधूस नको. त्याचं दुःख खरं आहे. पण गादीच्या पोटात राहिलेली ठिणगी तीन-चार तासांनी, सगळे झोपल्यावर जागी होते.

माणसं बहुतेक वेळा ज्वाळेनं जात नाहीत, धुरानं जातात. फोम, रेक्झिन, प्लॅस्टिक जळताना जो काळा धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, त्याची खूणही नाही. आत जाणारा जवान पाठीवर हवा घेऊन जातो: सहा लिटरचा सिलिंडर, ३०० बार दाब, म्हणजे १,८०० लिटर हवा. मेहनतीचं काम करताना मिनिटाला चाळीस लिटर लागले तर पंचेचाळीस मिनिटं. जिने चढून, माणूस खांद्यावर घेऊन, घाबरलेल्या छातीनं ती अर्ध्या तासातही संपते. पन्नास-पंचावन्न बारला शिट्टी वाजू लागते, पण शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नसतं, तोवर परतीच्या वाटेवर असायचं. आत नेहमी दोघं. हात एकाच भिंतीवर ठेवून पुढे जायचं, म्हणजे तीच भिंत परत आणते.

बाहेरचे लोक या वेळी एक चूक हमखास करतात. ‘आत हवा मिळू दे’ म्हणून दगडानं काचा फोडतात. बंद खोलीत हवा संपून दबलेली आग तापलेल्या वायूंसकट वाट बघत असते. काच काळी पडलेली, दाराखालून धूर आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा हलणारा, ही तिची लक्षणं. अशा वेळी दार उघडलं की ती हवेच्या दिशेनं स्फोटासारखी बाहेर येते. जळत्या खोलीतून निघताना दार मागे ओढून घ्यावं, कुलूप लावू नये. साधं लाकडी दारही जिन्यात येणारा धूर काही मिनिटं रोखतं.

२४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला इमारतीत २२ मुलं-माणसं गेली. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये २७. दोन्ही वेळा बाहेर पडायची वाट अपुरी होती आणि जळाऊ सामान भरपूर होतं. त्यानंतर सगळीकडे तपासण्या झाल्या, सील लागली. पण यंत्रणा बसवलेली असणं आणि चालू असणं यात फार अंतर आहे. इमारतीच्या पंप-खोलीत जाऊन बघा. हायड्रंट पंपाच्या पॅनेलवर ऑटो आणि मॅन्युअल असा खटका असतो. जॉकी पंप, म्हणजे लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप, सारखा चालू-बंद होतो, आवाज होतो, बिल येतं, म्हणून वॉचमन खटका मॅन्युअलवर टाकून ठेवतो. जॉकी पंप सारखा चालतो याचा अर्थ लाइन कुठेतरी गळतेय. गळती शोधायची सोडून पंपच झोपवला जातो. मग आग लागल्यावर सातव्या मजल्याचा व्हॉल्व्ह फिरवला की आतून हवेचा एक उसासा येतो आणि बस. होजबॉक्समधली पितळी नोझल चोरीला गेलेली असते. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली कमिटीच्या काकांकडे, काका गावाला. स्प्रिंकलरमधली लाल काचेची नळी ६८ अंशांना फुटून पाणी सोडते. रंगकाम करताना तिच्यावरही ब्रश फिरलेला असतो आणि ती उशिरा फुटते किंवा फुटतच नाही. महिन्यातून एका रविवारी दोघांनी मिळून वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह उघडून पाणी येतं का एवढं बघावं. दहा मिनिटांचं काम आहे.

उद्योगांच्या आगींचं शास्त्र वेगळं, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीच्या रिफायनरीत टाकी पेटली तेव्हा शहरभर धूर दिसला. अशा जागी नुसत्या पाण्याचं काम मुख्यतः शेजारच्या टाक्या थंड ठेवण्याचं. पेटलेल्या तेलावर फोमची, म्हणजे आग विझवणाऱ्या फेसाची, चादर घालावी लागते.

आणि मग आपला पूर. काळा घोडा पुलापाशी विश्वामित्री नदी २६ फुटांना गेली की धोका. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांच्याही वर गेली. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस पडला होता. अशा वेळी आग विझवणारीच माणसं रबरी बोटी घेऊन उतरतात. रस्त्यावरच्या पुरात मोटरबोट फार कामाची नाही. पंखा पाण्याखालच्या डिव्हायडरला, बुडालेल्या स्कूटरला आपटतो, त्यात साड्या आणि पिशव्या गुंडाळल्या जातात. मग दोघं-तिघं कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून बोट ओढतात. पुढचा माणूस काठी टेकत चालतो, उघडं मॅनहोल शोधत. त्याच पाण्यात नदीतल्या मगरीही सोसायट्यांत आलेल्या असतात. गल्लीतली वीज बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय बोट आत नेता येत नाही, त्यामुळे लोकांनी मेन स्विच आधीच पाडलेला असेल तर वेळ वाचतो. औषधं आणि कागद एका पिशवीत, बोटीत एकेकानं मध्ये बसून उतरायचं, सगळ्यांनी एकाच बाजूला झुकायचं नाही. म्हाताऱ्या माणसांना पाणी घोट्याला लागलेलं असतानाच वरच्या मजल्यावर हलवावं. छातीएवढ्या पाण्यात खुर्चीवरून त्यांना उचलून न्यायला चार माणसं लागतात.

उत्तरायणात तारांवर आणि झाडांवर मांज्यात अडकलेले पक्षी, गणेश विसर्जनाला नवलखी मैदानातल्या कृत्रिम तलावाचा काठ, दिवाळीत गच्चीवरच्या भंगारात पडलेला रॉकेट. वर्ष असं सणांच्या हिशेबानं जातं. आपल्या घरी पाहुणे असतात तेव्हा या लोकांच्या रजा रद्द झालेल्या असतात.

गाडी ठाण्यात परत येते तेव्हा माणसं काळवंडलेली, ओली असतात. बसायचं नसतं. होज एकेक लांबी उलगडून धुवायची, कापडात अडकलेले काचेचे कण काढायचे, उंचावर टांगून निथळू द्यायची. ओली गुंडाळली तर कापड कुजतं. वाळल्यावर नवीन जागी घडी घालायची, कारण जुन्या घडीवरच ती पुढच्या वेळी फाटते. हवेचे सिलिंडर भरायला द्यायचे. प्रत्येक कपलिंगमध्ये बोट फिरवायचं. आणि या सगळ्याच्याही आधी, गाडी आवारात शिरल्या शिरल्या, टाकीला पाइप लावून पाणी सोडायचं, कारण ४,५०० लिटर पुन्हा भरेपर्यंत ती गाडी पुढच्या फोनला निघू शकत नाही.